सुकरीचा फिरता वाईस

मित्रांनो, आपली जन्मकथा सांगणारे सगळे 'मी एक जुना अमुक आहे' असं म्हणून पडक्या आवाजात सुरुवात करतात. मला ते जमायचं नाही. मी जुना नाही, चार पावसाळे पाहिलेत फक्त. आणि रडका तर मुळीच नाही. चिडका आहे. का आहे ते ऐका, म्हणजे तुम्हीही म्हणाल की याचं बरोबर आहे.

मी एक वाईस आहे. कोणी शिकंजा म्हणतं, कोणी शेगडा. लोहाराकडे माझे थोराड भाऊबंद तुम्ही पाहिले असतील, लोखंडाची पट्टी जबड्यात धरून बसलेले. मी त्यांच्यापुढे पोर. वीतभर उंचीचा. खाली पाटाला आवळून बसवायचा पाय, वर उभा दांडा, त्यावर आडवं डोकं. डोक्याच्या पुढच्या टोकाला दोन बारीक जबडे आणि मागच्या टोकाला एक छोटी मूठ. जबड्यात मासे धरायचा एक गळ धरायचा, एवढंच माझं काम. त्या गळावर बाया कोंबड्याची पिसं आणि रंगीत धागा बांधतात आणि बघता बघता त्याचा एक किडा होतो. त्याला म्हणतात माशी. परदेशातले हौशी लोक ती माशी दोरीला लावून पाण्यावर टाकतात आणि मासा खरा किडा समजून फसतो.

साधे वाईस गळ धरून नुसते उभे राहतात. धागा गळाभोवती फिरवायचं काम बाईच्या हातांना करावं लागतं. मी मात्र फिरता आहे. मागची मूठ जराशी ढकलली की माझं डोकं गिरकी घेतं, त्याबरोबर गळ फिरतो आणि पीस आपोआप त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. हे फिरणं हाच माझा जन्म. ते नसेल तर मी म्हणजे पाटाला लावलेला एक खिळा. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं यावरच अडलं.

दूर उत्तरेतल्या एका गल्लीत, एका लहानशा कारखान्यात मला घडवलं. घडवणाऱ्याला घाई होती. माझ्या एका जबड्यावर बारीकसा खड्डा राहिला आणि रंग दांड्यावर ओघळला तो तसाच वाळला. मग खोक्यात बंद होऊन मी नागपुरात आलो आणि गळ-दोरीच्या एका दुकानात काचेच्या कपाटात सर्वात खालच्या फळीवर बसलो. वरच्या फळीवर परदेशातला एक चकचकीत वाईस होता. गिऱ्हाईक आलं की दुकानदार आधी त्याच्यावरून फडकं फिरवी. माझ्याकडे बोट करून म्हणे, "ये तो सस्ता माल है." दोन वर्षं हे ऐकलं. काचेला कुलूप, आणि कानावर हे. चिडणार नाही तर काय करणार?

एके दिवशी दोन बाया आल्या. एक तरुण, खांद्याला पिशवी, फटाफट बोलणारी. ती रिना. मूळची वरोऱ्याची, एका संस्थेत काम करायची आणि एटापल्लीकडच्या गावांत बायांना माशा बांधायला शिकवायची. दुसरी चाळिशीची, सावळी, गप्प. तिचा उजवा हात पदरात होता. ती सुकरी.

दुकानदारानं तिन्ही फिरते वाईस टेबलावर मांडले. परदेशातला, एक मधला, आणि हो-ना करत मी. रिनानं पिशवीतून पेन्सिल काढली. प्रत्येकाच्या जबड्यात गळ धरला, पेन्सिलीचं टोक गळाच्या दांडीजवळ टेकवलं आणि मूठ फिरवली. गळ एका जागी फिरतो की डुलतो हे असं कळतं. मधला डुलला. परदेशातला सरळ फिरला. मीही सरळ फिरलो. दुकानदाराला ते फारसं आवडलं नसावं, तो म्हणाला, "आता फिरते. पुढचं मी सांगत नाही."

मग सुकरी पुढे झाली. तिनं परदेशातल्याकडे पाहून विचारलं, "हे डाव्या अंगानं फिरते का?"

"त्याला वेगळा पार्ट लागतो. बाहेरून मागवावा लागेल."

"अन् हा?"

माझं डोकं दांड्यावरच्या नळीतून उपसून दुसऱ्या बाजूनं घालता येतं. दुकानदारानं तसं करून दाखवलं. तेव्हा सुकरीनं पदरातला हात बाहेर काढला. मित्रांनो, त्या हाताला अंगठा नव्हता आणि तीन बोटं मिटून एकमेकांना चिकटल्यासारखी झाली होती. मनगटापासून कोपरापर्यंत जखमेचे जाड वळ. सुकरीनं ते मनगट माझ्या मुठीवर टेकवलं, डोळे मिटले आणि हळूच ढकललं. मी फिरलो. असा फिरलो की मलाच माझं कौतुक वाटलं. मग तिनं डाव्या हातानं गळाला धागा बांधून जोरात ओढून पाहिला. गळ वाकला, पण मी तो सोडला नाही.

"हाच," ती म्हणाली.

"सस्त्यातला आहे बरं बाई," दुकानदार म्हणाला.

"मीबी काही महागाची नाई," सुकरी म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

साध्या वाईसइतके पैसे संस्था देणार होती, वरच्या पैशांसाठी तिनं घरचा बोकड विकला होता. दुकानदारानं मला खोक्यात घालताना बजावलं, "आवाज आला तर एक थेंब मशीनचं तेल. एकच थेंब." रिना तेव्हा दारात उभी राहून फोनवर बोलत होती. सुकरीनं मान हलवली. ती मान मला आजही आठवते.

एटापल्लीला एसटीनं पोचलो आणि तिथून पुढे जंगलातल्या त्यांच्या गावाला. घरात सुकरी आणि तिचा नवरा कोलू, दोघंच. घरात ते गोंडीत बोलत, बाहेरच्यांशी इकडच्या मराठीत. मला दोन्ही समजायला लागलं, दुसरं काम काय होतं? कोलूनं मला हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "ह्या एवढ्याशा लोखंड्यासाठी बोकड?" पण दुसऱ्याच दिवशी त्यानं सागाचा एक जाड पाट तासून आणला आणि मला त्यावर पक्का बसवला.

हाताचं तुम्हाला सांगायचं राहिलं. मी घरात येण्याच्या तीन वर्षं आधी, चैत्रात, सुकरी पहाटे मोहफुलं वेचायला गेली होती. वाकून वेचत होती. झाडाच्या पलीकडे अस्वलही तेच खात होतं. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. ते दचकलं आणि तिच्या हातावर तुटून पडलं. बाकीच्या बाया ओरडत धावल्या म्हणून जीव वाचला. तेव्हापासून कोलूनं तिला जंगलात जाऊ दिलं नाही. पाणी तोच आणी, लाकडं तोच फोडी, मोहफुलं एकटाच वेची. ती सूप उचलायला गेली तरी म्हणे, "राहू दे वो, मी आहो ना." बाया डिंक विकून आल्या की तिच्या वाट्याचे म्हणून काही पैसे हातावर ठेवत. एकदा ती मंगलीबाईला, म्हणजे बायांच्या गटाच्या अध्यक्षबाईला, माझ्यासमोरच म्हणाली होती, "मले वाटा नोको देऊ मंगलीबाई. काम दे." पण मंगलीबाई तरी देणार काय? बांबूच्या टोपल्या दोन हातांनी विणतात, तेंदूची पानं दोन हातांनी बांधतात.

हे सारं मला कळलं आणि मी कधी नव्हे तो शहाण्यासारखा वागायचं ठरवलं. ती मला 'फिरक्या' म्हणायची. "चाल फिरक्या," असं म्हणून सकाळी अंगणात पाटासमोर बसायची. डाव्या हातात पीस, उजव्या मनगटानं माझी मूठ. कोंबड्याच्या मानेचं पीस गळाभोवती वेढे घेत जाई आणि माशीची झुबकेदार कॉलर तयार होई. पहिल्या माशा पाहून कोलू म्हणाला, "हे तं ओल्या कोंबडीवानी दिसते." महिनाभरात त्याचं हसणं बंद झालं. एकदा तर सुकरी नाही असं बघून त्यानं तिची एक माशी तळहातावर घेतली आणि उडते का म्हणून फुंकर मारून पाहिली. मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार कसा म्हणा.

रिनानं एकदा बायांना सांगितलं की या माशीनं पकडलेला मासा बरेच साहेब परत पाण्यात सोडून देतात. सुकरीनं हातातलं पीस खाली ठेवलं.

"पकडून सोडून देतात?"

"हाव ना."

"मंग पकडतात काऊन?"

सगळ्या बाया हसून हसून लोळल्या. रिनाही त्यांच्यात सामील झाली. मला मात्र ते आवडलं होतं. माझंही तसंच, गळ धरायचा आणि माशी झाली की सोडायचा.

पौष आला. रिनानं सांगितलं की माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस गावात येणार आहे. प्रत्येकीनं त्याच्यासमोर बसून माशा बांधायच्या. जिच्या त्याला पसंत पडतील तिच्या नावाचं गळांचं पाकीट दर महिन्याला येणार, म्हणजे कायमचं काम. जिच्या नाही पडणार, ती यादीत नाही. बाकीच्या बायांना दुसरी कामं होती. सुकरीला हेच एक होतं. ती ज्या दिवशी ते ऐकून आली त्या दिवशी जेवलीच नाही नीट. आनंदानं, बरं का.

कंपनीच्या माणसाला नमुना दाखवायच्या आदल्या दिवशी दुपारी मी कुरकुरलो. खरं सांगतो, फार नाही. नळीत पिसांचा भुसा गेला होता, त्यानं किर्र असा आवाज यायचा. सुकरी अस्वस्थ झाली. "दुकानवाल्यानं सांगतलं होतं का आवाज आला तं तेल घालजो," ती कोलूला म्हणाली आणि शेणी गोळा करायला गेली. कोणतं तेल, किती, हे तिनं सांगितलं नाही. कोलूनं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? त्या घरात तेल म्हणजे एकच, टोरीचं. मोहाच्या बीला टोरी म्हणतात. तिचं तेल भाजीला, दिव्याला, अंगाला, सायकलच्या साखळीला, दाराच्या बिजागरीला. हिवाळ्यात हे तेल तुपासारखं गोठतं आणि बाटली चुलीपाशी ठेवल्याशिवाय बाहेर येत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोलूनंही तेच केलं. बाटली चुलीजवळ ठेवली, तेल पातळ होऊ दिलं, माझं डोकं नळीतून उपसलं आणि ओतलं.

एक थेंब? छे! नळी भरून. बायकोच्या कामात कमी पडायला नको म्हणून अगदी ओसंडेपर्यंत. मग बाहेरून ओघळलेलं इतक्या निगुतीनं पुसलं की डाग दिसू नये. डोकं परत बसवून मूठ फिरवून पाहिली. लोण्यासारखा फिरलो मी. कोलू स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "आता पाहा म्हणा."

मी आतून ओरडत होतो, अरे बाबा, काढ ते, रात्री थंडी पडणार आहे! पण मला तोंड म्हणजे हे दोन जबडे. त्यात गळ धरता येतो, शब्द नाही.

सकाळी उठून बघतात तर अंगणातल्या पाण्याला हात लाववेना इतकी थंडी. माझ्या पोटात ते तेल पांढरं, घट्ट झालेलं. त्यात पिसांचा भुसा कालवलेला. सुकरीनं मला पाटासकट कापडात गुंडाळलं आणि डोक्यावर घेऊन गोटुलात नेलं. गोटूल म्हणजे गावाचं बसायचं सामायिक घर. ओसरीवर बाया ओळीनं बसल्या होत्या. कंपनीचा माणूस मफलर गुंडाळून खुर्चीवर, शेजारी रिना. ऊन अजून झाडांच्या मागेच होतं.

सुकरीनं गळ लावला. धागा बांधला. पिसाचं टोक अडकवलं. "चाल फिरक्या," ती पुटपुटली आणि मनगटानं मूठ ढकलली.

मी हललो नाही.

तिनं पुन्हा ढकललं. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण डोकं जणू कोणी सिमेंटमध्ये बसवलं होतं. तिनं मनगटाचा पूर्ण भार दिला. तिच्या वळावरची कातडी थंडीनं तडकली होती, तिथून रक्ताचा एक थेंब आला आणि माझ्या मुठीवर पडला. शेजारची बाई म्हणाली, "थांब वो सुकरी, मी फिरवतो." सुकरी म्हणाली, "नाई. माझं मी करीन." रिना उठून आली, तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. मी चतकोर फिरलो आणि गचकन थांबलो. धागा तुटला. पीस सुटून उडालं आणि कंपनीच्या माणसाच्या बुटावर जाऊन बसलं.

तो काही वाईट बोलला नाही. "सस्ते वाईस का यही प्रॉब्लेम है," एवढंच म्हणाला आणि पुढच्या बाईकडे वळला. मला वरच्या फळीवरच्या त्या चकचकीत वाईसची आठवण आली. मी लोखंडाचा आहे म्हणून बरं, नाहीतर तिथेच वितळलो असतो.

संध्याकाळी कोलू बांबू तोडून आला. त्याला कळलं तेव्हा त्यानं खांद्यावरचे बांबू तसेच अंगणात टाकले. "म्या तेल बी घातलं होतं गा," तो कोणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाला. "चांगलं भरपूर घातलं होतं." आणि मग त्याच्या तोंडून ते निघालं, "जाऊ दे वो. तुले कायले पाहिजे ही दगदग? मी आहो ना."

सुकरीनं मला पाटावरून सोडवलं, फडक्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत सर्वात खाली ठेवलं. वर जुनी लुगडी, त्यावर घोंगडी. झाकण बंद केलं. तिनं माझ्या जबड्यातला गळ काढला नव्हता. तुटका धागा गुंडाळलेला, अर्धवट, नागडा गळ.

मित्रांनो, अंधार कसा असतो ते मला त्या पेटीत कळलं. तुम्ही म्हणाल, काचेच्या कपाटातही तू बंदच होतास. होतो. पण तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. इथं माझं नाव होतं. फिरक्या! ज्याला फिरता येत नाही तो फिरक्या. मी त्या गळाला सोडू शकत नव्हतो आणि तो मला. पौष गेला, माघ गेला. बाहेरून आवाज यायचे. गोटुलाकडे जाणाऱ्या बाया अंगणातून हाका मारत, "येतेस का वो सुकरी, बसाले?" आणि सुकरी घरातूनच म्हणे, "काम आहे." मला माहीत होतं, काहीच काम नसे. एकदा रिना आली होती. ती म्हणाली, "दुसरा वाईस पाहू ना, सुकरीबाई." सुकरी म्हणाली, "वाईसचं काई नाई मॅडम. माझ्या हातातच नाई राह्यलं." ते ऐकून मला जे झालं ते सांगता येत नाही. दोष तिचा नव्हता, माझाही नव्हता, आणि खरं तर कोलूचाही नव्हता. सारं मला ठाऊक होतं आणि मी पेटीच्या तळाला पडून होतो. चिडका का झालो ते आता समजलं ना?

मग फाल्गुन सरला. रानात मोह फुलला, वास पेटीच्या फटीतूनही आत यायला लागला. दुपारी पत्रा तापायचा, पेटी तापायची, मी तापायचो. आणि एक दिवस पोटात काहीतरी हललं. आधी वाटलं भास आहे. पण नाही, काठाकाठानं सुटत होतं. ते पांढरं, घट्ट, हट्टी तेल पातळ होत होतं. नळीतून बाहेर येऊन फडक्यात झिरपत होतं. मी पेटीत एकटाच हसलो असेन. पण झाकण बंद. फिरून दाखवू कोणाला?

त्या वर्षी कोलू आणत होता ती मोहफुलं अंगणात वाळत घालायला फडकी कमी पडली. सुकरीनं पेटी उघडली, घोंगडी उपसली, लुगडी उपसली. एका लुगड्यावर तेलाचा हा एवढा डाग पडला होता. "आता ह्याले काय झालं बाप्पा," म्हणत तिनं ते ओढलं आणि त्याबरोबर मी फडक्यातून गडगडत बाहेर आलो. मी जमिनीवर आपटलो आणि माझी मूठ आपल्याच वजनानं सर्रकन फिरून खाली आली.

सुकरी जागच्या जागी थांबली. तिनं एका बोटानं मूठ ढकलली. मी फिरलो. पुन्हा ढकलली. पुन्हा फिरलो. तिनं मला नाकाशी नेलं, वास घेतला, मग तेल लागलेलं बोट उन्हात धरून पाहिलं. मग उठून फळीवरची तेलाची बाटली घेतली. त्यातलं तेल उन्हाळ्यानं पाण्यासारखं पातळ, डुचमळत होतं.

"कोलू!" तिनं हाक मारली. नवऱ्याला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. तो मोहफुलांची टोपली घेऊन आत आला.

"तुमी ह्याच्यात कोनतं तेल घातलं होतं?"

"टोरीचं. मंग अजून कोनतं?"

"बाटली चुलीपाशी ठेवून?"

"हाव. गोठलं होतं ना..." आणि तो बोलता बोलता थांबला. टोपली त्याच्या हातातून खाली गेली, सगळ्या घरभर मोहफुलं झाली. "बाप्पा रे," तो म्हणाला. "म्याच जाम केलं."

मला वाटलं आता भांडण होणार. सुकरी आधी हसली, तिचं हसणं थांबेना, आणि हसता हसता ती रडायला लागली. "म्याबी कुठी सांगतलं तुमाले का मशीनचं तेल, एकच थेंब," ती म्हणाली. "म्या म्हनलं, तेल." कोलू खाली बसून फुलं गोळा करू लागला. मान वर न करता म्हणाला, "म्या समजलो, जेवढं जास्त घालीन तेवढं तुले सोपं जाईन." खरं सांगतो, त्या क्षणी माझा सगळा राग गेला. मला वैऱ्यानं जाम केलं नव्हतं, मायेनं केलं होतं. तिलाही त्यानंच घरात बसवलं होतं, आणि तेही मायेनंच. सुकरीच्या ते ध्यानात आलं असावं, कारण तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता मी सांगीन तेवढंच घालजा. माझंबी तसंच."

तिनं माझं डोकं उपसलं, नळी घासलेटानं धुतली, कोरड्या फडक्यानं पुसली. पिसांचा भुसा काडीनं काढला. मला पाटावर बसवलं. जबड्यात तो पौषातला गळ होताच. तुटका धागा सोडवून तिनं नवा बांधला, पीस लावलं आणि मनगट माझ्या मुठीवर टेकवलं.

"चाल फिरक्या."

माशी पुरी झाल्यावर तिनं जबडे उघडायची माझी कळ उचलली. साडेतीन महिन्यांनी मी तो गळ सोडला.

पुढच्या आठ दिवसांत तिनं डझनभर माशा बांधल्या. पण घरी वाट बघत बसली नाही. एक दिवस पहाटे ती उठली, माशांची डबी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "एटापल्लीले जातो. रिना मॅडम आज तिथी येते." एसटीचा रस्ता मोहाच्या झाडांखालून जातो. कोलूच्या ओठांवर शब्द आला होता, मी पाहिला. 'मी आहो ना' हेच असणार. त्यानं तो गिळला. "काठी घेऊन जाजो," एवढंच म्हणाला. ती काठी घेऊन गेली. ती परत येईपर्यंत कोलू अंगणातच होता, एकच फूल दहादा उलटत.

डबी कंपनीकडे गेली. उत्तर यायला पाऊस लागेपर्यंत वेळ लागला, आणि ते पत्र-बित्र नव्हतं. रिनानं आणून दिलेलं गळांचं एक पाकीट होतं, आणि त्यावर पेननं लिहिलेलं नाव. सुकरीला वाचता येत नाही, तिनं रिनाकडून दोनदा वाचून घेतलं. त्या दिवशी मंगलीबाई घरी येऊन बसली. वाटा द्यायला नाही, कॉलर इतकी झुबकेदार कशी येते ते शिकायला.

मित्रांनो, मला विनवायचं आहे ते एवढंच. तुमच्या घरात एखादी वस्तू चालेनाशी झाली तर 'स्वस्तातली' म्हणून पेटीत टाकू नका. आधी हात लावून पाहा, थंड पडली आहे का, आत काय अडकलंय. आणि काही घालायचं असेल तर किती घालायचं ते विचारा. माणसांचंही असंच असतं, पण ते तुम्हाला सांगणारा मी कोण?

हिवाळा आला की अजूनही कोलू टोरीच्या तेलाची बाटली चुलीपाशी ठेवतो. तेल पातळ झालं की ती उचलून माझ्याकडे बघतो, आणि मी, खोटं कशाला सांगू, अजूनही घाबरतो. सुकरी नुसती त्याच्याकडे पाहते. मग तो हसतो, तिच्यासमोर बसतो, तेल तळहातावर घेतो आणि तिच्या त्या मनगटाला चोळत राहतो. मला कोरडं फडकं मिळतं. मला तेवढं पुरतं.